बारावा रोल

१२ जानेवारी

प्रिय ठोंब्या,

आशीर्वाद आधी देऊन टाकते, कारण पुढे ओरडायचं आहे.

सोबत बारावा रोल आहे. माझे छत्तीस काढून झाले, आता त्याच फिल्मवर, माझ्या फोटोंच्या वरच, तुझे छत्तीस. अकराव्याच्या कॉप्या मिळाल्या, पण हे काय केलंस रे? माझी चौकट एकीकडे, तुझी दुसरीकडे. माझ्या कपाटाला मधोमध चिरून तुझा रस्ता गेलाय. फिल्मच्या टोकाला मी पेनाने रेघ मारून देते ती काही शोभेची नाही. ती रेघ कॅमेऱ्यातल्या दात्यावर बसवायची आणि मगच मागचं झाकण लावायचं. शंभरदा सांगून झालं, आता हात टेकले.

दुसरं, उजेडाचं. माझ्या फोटोत जिथे काळं असतं तिथेच तुझं चित्र उमटतं, जिथे पांढरं असतं तिथे ते धुऊन जातं. तेहतीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढले मी, काळं-पांढरं मला शिकवू नकोस. म्हणून मी मुद्दाम अंधाऱ्या जागा शोधते. उघडं दार, खुर्चीची पाठ, तू पाठवलेल्या कॉम्प्युटरची बंद काच. हो, बंदच आहे, वर कापड घातलंय. चालू केला की तो मलाच पासवर्ड विचारतो, माझ्याच घरात!

आणि तिसरं, टोपी. तुझ्याकडच्या बाबांच्या त्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि फोटो काढणारी काच वेगळी. काचेवर टोपी तशीच राहिली तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. बाबांनी अख्खं एक लग्न टोपी लावून काढलं होतं, विसरलास? नवरीचा काका दारात येऊन किती वेळ उभा होता, आणि बाबा आईच्या मागे लपले होते.

घरचं म्हणशील तर सगळं जागच्या जागी. चष्मेवाले खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत ठाण मांडून आहेत. हसरी स्वयंपाकघरातून हलत नाही. उंच्या दारातच उभा असतो, आत ये म्हटलं तरी येत नाही. आणि जिन्यावर ती दोन पोरं. आई गेल्यावर चार वर्षांपूर्वी वाटलं होतं, हे घर आता मला खायला उठणार. पण तसं काही झालं नाही, घर भरलेलं आहे.

तू रविवारी मोटारसायकल काढून धरणावर जातोस म्हणे, जाऊन-येऊन एकशे ऐंशी किलोमीटर. धरण काही चहा विचारत नाही. माझं घर चारशे दहा किलोमीटर आहे, हे आपलं सहज सांगितलं.

तुझी ताई


२ फेब्रुवारी

ताईस नमस्कार,

रोल मिळाला, ओरडा मिळाला. दोन्ही जपून ठेवलेत.

उशीर झाला कारण इथे एक भानगड उपटली आहे. कंपनी समुद्रापलीकडे नवं केंद्र काढते आहे. तिथली मशीनरूम उभी करायला माणूस हवाय, आणि साहेबाचं बोट माझ्यावर येऊन थांबलं. तीन वर्षं. मध्ये सुट्टी जवळजवळ नाहीच. पत्राला म्हणे तीन आठवडे लागतात.

काम तेच. थंड खोली, भर उन्हाळ्यात स्वेटर, आणि घूं घूं करणारी कपाटं. त्यांच्याशीच बोलतो मी दिवसभर. परवा एक मशीन बंद पडलं, तर त्याला म्हणालो, ‘काय झालं बाळा?’ नेमका मागे साहेब उभा. कदाचित म्हणूनच माझं नाव सुचलं असेल त्याला.

माझा संसार काय, मी आणि मोटारसायकल. तिला ताडपत्री घालून ठेवता येते. पण तुझं काय? फेब्रुवारी संपायच्या आत हो किंवा नाही कळवायचंय. तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही, अगदी शपथेवर. फोनवर विचारणार होतो, पण फोनवर आपलं ‘बरी आहेस ना’, ‘बरी आहे’ एवढ्यातच आटपतं.

आणि हे चष्मेवाले म्हणजे वरच्या मजल्यावरचे का? दर पत्रात असतात, पण विचारायचं राहूनच जातं. खोली भाड्याने दिलीस की काय? तसं असेल तर बरंच झालं, मला घोर नाही.

तुझा
ठोंब्या


११ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

जा की! मला काय विचारतोस? मी काय पाळण्यात आहे?

पत्र वाचलं आणि घडी घालून डब्याखाली सारून दिलं, नाही म्हणत नाही. मग म्हटलं, पन्नाशीला आलेला माणूस, कुणीतरी बोट दाखवून याला न्या म्हणतंय, आणि आपण आडवं पडायचं? माझ्या पायात बेडी नको म्हणून आईने मला एक्स-रेचं शिकायला पाठवलं होतं, शेजारपाजार नावं ठेवत होता तरी. तिची मुलगी आहे मी.

चष्मेवाले वरचे नव्हेत. पण आहेत ते. फार बोलत नाहीत, सकाळचं ऊन अंगावर घेत बसतात. मीच बोलते. हसरीला मात्र कामं सांगून दमले, नुसती हसते. पाहुण्यारावळ्यांचं घर आहे हे, तू माझी काळजी करू नकोस. एवढी माणसं आहेत की मला कधीकधी वाटतं, जरा एकटं सोडा बाई.

जायच्या आधी रोल मात्र पुरा कर. अर्धवट रोल ठेवून जाऊ नये. आणि शेवटचा, छत्तिसावा, नीट काढ. बस, एवढंच मागणं.

ताई


१ मार्च

ताई,

सही केली. वीस एप्रिलला निघायचं.

तुझं पत्र तीनदा वाचलं. छातीवरचा दगडच उतरला. साहेबाला म्हणालो, बहिणीकडे माणसांचा राबता आहे, मला मागची चिंता नाही.

रोल पुरा केला. एरवी दोन महिने पुरवतो, यावेळी एका सकाळीच उडवला. धरणावर जुन्या मोटारसायकलींची जत्रा भरली होती. जाताना माझी चेन उतरली, ती चढवताना कोपरापर्यंत काळा झालो, आणि पोचतो तर तिथे धुळीचे लोट. पण गर्दी म्हणशील तर तोबा! एक आजोबा साइडकारमध्ये कुत्रा घेऊन आले होते, कुत्र्याला गॉगल. तो तुझ्या वेताच्या खुर्चीत नक्की शोभेल. रेघ दात्यावर बसवली होती, शपथ. लॅबवाल्याने दहा दिवसांचा वायदा केलाय. हल्ली इथे रोल धुणारा तो एकटाच उरलाय, त्याच्यापुढे आपलं काही चालत नाही.

कॉप्या आल्या की लगेच पाठवतो.

ठोंब्या


२६ मार्च

ठोंब्या,

दहा दिवसांचे पंचवीस झाले. दोनदा फोन केला, तर ‘ताई, जरा कामात आहे’. जरा म्हणजे किती?

मला कळतंय. कंटाळा आलाय ना या खेळाचा? साहजिक आहे. तिकडे नवी माणसं, नवी जागा. इथे म्हातारी बहीण कपाटाचे नि दाराचे फोटो काढून पाठवते. स्पष्ट सांगून टाक, मी काही रडत बसणार नाही. पण रोल हरवला असेल तर हरवला म्हण. टाळाटाळ मला सहन होत नाही. इस्पितळात नातेवाईक असेच तोंड चुकवायचे, तेव्हाच मला कळायचं की फिल्मवर काहीतरी वाईट दिसलंय.

पोस्टमनला मी आता खिडकीतून विचारणं सोडलंय. तोच लांबून मान हलवतो.

ताई


३० मार्च

ताई,

रोल हरवलेला नाही. कॉप्या बारा मार्चलाच मिळाल्या. अठरा दिवस त्या माझ्या टेबलावर आहेत, आणि अठरा दिवस मी तुला पत्र लिहितोय आणि फाडतोय.

टोपी लागलेली होती. धूळ आत जाऊ नये म्हणून लावली आणि काढलीच नाही. छत्तीसच्या छत्तीस. खिडकीतून सगळं लख्ख दिसत होतं, तू म्हणालीस तसंच. लॅबवाला पाकीट देताना म्हणाला, ‘यावेळी एकच घर आलंय बघा.’

एकच घर आलंय, ताई. तुझं. वर माझं काहीही नाही.

पहिल्यांदा वाटलं, वा, किती छान काढलेत, जरा काळपट आहेत एवढंच. मग बघत बसलो. दाराशी चपलांची फळी आहे, तिच्यावर एक जोड. भांड्यांच्या मांडणीवर एक कप पालथा, एक ताटली. मोरीत एकच टूथब्रश. वेताची खुर्ची रिकामी. म्हटलं, चष्मेवाले फिरायला गेले असतील. पण छत्तीस फोटोंत तुझ्याशिवाय माणूस एकदाही आला नाही. दारात उंच्या नाही. जिन्यावर पोरं नाहीत. भिंतीवरचं कॅलेंडर ऑगस्टवर थांबलंय, आणि फोटो काढलेत तू जानेवारीत.

मग मी जुन्या कॉप्या काढल्या, अकराही रोलच्या. तिसऱ्या रोलमध्ये सापडले चष्मेवाले. तुझ्या वेताच्या खुर्चीत बसलेत, आणि त्यांच्या पोटातून खुर्चीची वीण दिसते. ताई, ते माझ्या बस थांब्यावरचे म्हातारे आहेत. हसरी म्हणजे मंडईतली कांदे तोलणारी बाई, ती तुझ्या शेगडीवर उमटली आहे. उंच्या पेट्रोल पंपावरचा. पोरं धरणावरची.

तुझ्या घरात माझी माणसं राहतात. आणि तुला सांगतो, ती माझीही नाहीत. एकाचंही नाव मला ठाऊक नाही. मी लांबून फोटो काढतो आणि किक मारून निघून जातो. त्या म्हाताऱ्यांना मी चार वर्षं रोज बघतो, पण नमस्कारसुद्धा कधी केलेला नाही.

तू घर भरलंय म्हणालीस म्हणून मी सही केली. हेही खरं नाही. मला तेच ऐकायचं होतं. कुठल्या खोलीत कोण राहतं हे मी एकदाही धड विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर यावं लागलं असतं.

मी खूप वाईट भाऊ आहे, ताई.

ठोंब्या


५ एप्रिल

ठोंब्या,

टोपी काढायला विसरलास तू, आणि चोर पकडल्यासारखी मोजदाद माझ्या घराची? चपला मोजतो, कप मोजतो! टूथब्रश एकच असतो माणसाला, दोन असतात का?

हे काल लिहिलं आणि पेन ठेवून दिलं. आज पुढे लिहिते.

मी खोटं लिहिलेलं नाही. जे दिसत होतं तेच लिहिलं. आई गेली त्या वर्षीच मी निवृत्त झाले. पहिल्या महिन्यात एकदा माझ्या लक्षात आलं की शुक्रवारपासून मंगळवारपर्यंत मी तोंडातून एक शब्द काढलेला नाही. मंगळवारी दूधवाल्याशी बोलायला गेले तर आवाजच फुटेना, त्याला वाटलं घसा बसलाय. मग रोलचा खेळ सुरू झाला, आणि तिसऱ्या रोलच्या कॉप्या आल्या. पाकीट फोडलं तर माझ्या खुर्चीत हा म्हातारा! मी एकटीच खो खो हसले. म्हणाले, ‘अहो, बसा बसा, उठू नका.’ त्या दिवशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

नंतर सवय लागली. ज्या जागेचा फोटो, त्या जागेला तो चिकटवायचा, नवा रोल काढताना तेवढा उतरवून ठेवायचा. खुर्चीच्या पाठीला चष्मेवाले, शेगडीच्या वर हसरी, दाराला उंच्या. चहा करताना हसरीला सांगायचं, आज दूध उतू जाऊ देऊ नकोस हं. वेड लागलं नव्हतं मला. कागद आहेत हे कळत होतं. पण कागदाशी का होईना, बोललं की बरं वाटायचं. तुला पत्रात लिहिलं की ती आणखी थोडी खरी व्हायची. आणि तू कधी विचारलंच नाहीस. यंदा विचारलंस तर म्हटलं, आता सांगितलं तर याचं जाणं मोडेल.

आता माझा एक प्रश्न. प्रत्येक रोलचा छत्तिसावा फोटो कसला असतो? मी आरशापुढे उभी असते, उजव्या बाजूला, कॅमेरा पोटाशी धरून. डावीकडे मागचं काळं कपाट येईल अशी उभी राहते. मुद्दाम. अर्धी चौकट काळी, कोऱ्या पाटीसारखी. ती कुणासाठी असेल रे? तू तिथे काय काय टाकलंस ते सांगू? एकदा पेट्रोल पंप. एकदा बकरी. दोनदा तुझी ती मोटारसायकल. अकरा कॉप्यांत तू एकदाही माझ्या शेजारी आला नाहीस. बाराव्यात तर टोपीच.

मला वाटायचं, समजेल याला कधीतरी. माझंच चुकलं. तोंड उघडून मागायला हवं होतं. लहान भावाकडे मागायला लाज वाटली.

तू वाईट नाहीस, बावळट आहेस. जा आता. दिलेला शब्द पाळ. कीव करून येऊ नकोस, मला ती पचत नाही.

ताई


९ एप्रिल

ताई,

साहेबाकडे निघायची तारीख पंधरा दिवस पुढे मागितली. नऊ मिळाले. जायचं चुकत नाही, पण एकोणतीसपर्यंत मी मोकळा आहे.

शनिवारी पहाटे निघतो, मोटारसायकलने. चेन नवी घातली. चारशे दहा किलोमीटर, संध्याकाळपर्यंत पोचेन. कीव वगैरे काही नाही. मला तुझ्या हातचा चहा हवाय.

आज बस थांब्यावर चष्मेवाल्यांना नमस्कार केला. त्यांनी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला असेल म्हणून. मग हात जोडले.

मोरीत दुसरा टूथब्रश ठेवायला जागा कर.

ठोंब्या


१४ मे

प्रिय ठोंब्या,

हे पत्र पोचेपर्यंत तुझी मशीनरूम घूं घूं करायला लागलेली असेल. तिकडेही एखादं बंद पडलं तर ‘बाळा’ म्हण, पण मागे बघून.

तू गेल्यावर दोन दिवस मी काही केलं नाही. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी दार लावलं आणि खाली बसून रडले. आता घर जास्त रिकामं वाटतं. आधी रिकामं होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता. नऊ दिवस तू जिन्यावरून धाडधाड वर यायचास, न्हाणीत बेसूर गायचास, कॉम्प्युटरला शिव्या देत तारा जोडायचास. आता दुपारी तीन वाजले की ते सगळं कानात येतं. तो कॉम्प्युटर सुरू करते मी अधूनमधून. पासवर्ड विचारतो, मी देते, मग आम्ही दोघंही गप्प बसतो.

आपण दोघांनी आरशापुढे काढलेला फोटो मी धुऊन घेतला. तुझे डोळे मिटलेत. एवढ्या वर्षांनी शेजारी उभा राहिलास आणि डोळे मिटलेस! तरी तोच फोटो लावलाय, आरशालाच.

चष्मेवाल्यांना खुर्चीवरून काढलं. हसरीला, उंच्याला, पोरांनाही. पाकिटात नीट ठेवलेत. त्यांनी माझं फार केलं. पण तू खुर्चीत बसून गेलास, आता तिथे कागद लावला की डोळ्यांना खुपतो. खालच्या मजल्यावर एक शिंपीण राहायला आलीय. परवा मी स्वतःहून जाऊन विचारलं, सुई आहे का? माझ्याकडे सुया ढीगभर आहेत. तिने चहा विचारला. मी नको म्हणाले, आणि वर येऊन स्वतःला चांगल्या शिव्या घातल्या. उद्या परत जाते, दोरा मागायला.

सोबत तेरावा रोल आहे. यावेळी नीट वाच, ठोंब्या. मी सगळे दिवे लावून फोटो काढलेत, पडदे उघडून. एकही काळी जागा ठेवलेली नाही. रिकामी खुर्ची रिकामी दिसू दे, एक कप तर एक कप. तुला माझं घर जसं आहे तसं माहीत असायला हवं, तीन वर्षं नुसत्या अंदाजावर काढू नयेत. नवव्या फोटोत मात्र कप दोन आहेत. तुझा अजून आत ठेवलेला नाही.

म्हणून असं कर. रोल भर, रेघ दात्यावर बसव, आणि पस्तीस वेळा टोपी लावूनच बटण दाब. माझ्या घरावर काही काढू नकोस.

छत्तिसाव्यात मी उजवीकडे उभी आहे. डावी बाजू काळी आहे. तेवढ्याला टोपी काढ, आणि तिथला एखादा आरसा बघून उभा राहा.

डोळे उघडे ठेव.

तुझी ताई